नकाशावर ४६ मिनिटं, तिकिटावर सव्वा तास: दोन छोट्या विमानतळांमधला वेळ जातो कुठे?

मध्यंतरी एका प्रादेशिक विमानतळावरून दुसऱ्या प्रादेशिक विमानतळावर छोट्या विमानाने गेलो. निघण्याआधी दोन्हींमधलं अंतर बघून ठेवलं होतं: ३८४ किलोमीटर. विमान एटीआर ७२ होतं, म्हणजे दोन पंख्यांचं टर्बोप्रॉप, ताशी पाचशेच्या आसपास जाणारं. भागाकार केला तर ४६ मिनिटं येतात. तिकिटावर मात्र १०.०५ ला सुटणार आणि ११.२० ला पोचणार असं होतं, म्हणजे चांगला सव्वा तास. मधला अर्धा तास कुठे मुरतो ते एकदा डोळ्यांनी बघायचं ठरवलं आणि खिडकीशी बसून चार क्षणांची वेळ कागदावर टिपली.

१०.०७ ला विमान जागचं हललं. १०.१९ ला चाकांची खडखड एकदम थांबली, जमीन सुटली. ११.१३ ला चाकं पुन्हा टेकली. ११.१८ ला विमान आपल्या जागी येऊन थांबलं.

एकूण ७१ मिनिटं. त्यातली हवेत ५४ आणि जमिनीवर १७. हवेतलीसुद्धा ४६ नाहीत, ५४ आहेत. या चार नोंदींमध्ये सगळं उत्तर आहे. पण ते उलगडायला आधी अंतरापासून सुरुवात करावी लागते, कारण अंतर हा शब्द वाटतो तितका साधा नाही.

३८४ किलोमीटर, पण कुठून कुठे?

विमानांच्या बाबतीत अंतर मोजतात ते शहरापासून शहरापर्यंत नव्हे, आणि टर्मिनलच्या दारापासून दारापर्यंतही नव्हे. प्रत्येक विमानतळाचा एक ठरवून दिलेला संदर्भबिंदू असतो. तो बहुतेक वेळा धावपट्ट्यांच्या मध्याजवळ कुठेतरी असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेले असतात. पूर्वी देशोदेशींच्या मोजणीपद्धती वेगळ्या होत्या. त्यामुळे तोच बिंदू दोन नकाशांवर शेकडो मीटरने इकडेतिकडे दिसू शकायचा. १ जानेवारी १९९८ पासून आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीसाठी डब्ल्यूजीएस-८४ ही एकच पद्धत लागू झाली. आपल्या मोबाइलमधलं जीपीएसही हीच पद्धत वापरतं.

अक्षांश-रेखांश हातात आले की छोट्या अंतरासाठी शाळेतलं गणित पुरतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किलोमीटर, पृथ्वीवर कुठेही. रेखांशाचं तसं नाही. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना संत्र्याच्या फोडींसारख्या एकत्र येत जातात. म्हणून ६० अक्षांशावर रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरच्या निम्माच भरतो. समजा आपले दोन विमानतळ २० अक्षांशाच्या आसपास आहेत, त्यांच्यात अक्षांशाचा फरक २ अंश आहे आणि रेखांशाचा ३ अंश. उत्तर-दक्षिण अंतर झालं २ गुणिले १११, म्हणजे २२२. पूर्व-पश्चिम अंतर ३ गुणिले १११ गुणिले ०.९४, म्हणजे ३१३. यातला ०.९४ हा २० अंशांचा कोसाइन. आता पायथागोरसचा काटकोन त्रिकोण मांडायचा: २२२ चा वर्ग अधिक ३१३ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ३८४.

संगणक हेच काम हॅवरसाइन नावाच्या सूत्राने करतात. त्यात पृथ्वीचा गोलावा धरलेला असतो, त्यामुळे ते हजारो किलोमीटरसाठीही चालतं. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवाशी ६३५७. हा फुगवटा कोण धरतं आणि कोण सोडून देतं यावरून दोन संकेतस्थळांच्या आकड्यात एखाद-दुसऱ्या किलोमीटरचा फरक पडतो. त्याने कोणाचंही काही बिघडत नाही.

विमानाचं अंतर म्हटलं की नकाशावर कमान काढून दाखवतात, पृथ्वी गोल असल्यामुळे सरळ वाट वाकडी दिसते वगैरे. ते खरंच आहे, पण महासागर ओलांडणाऱ्या विमानांसाठी. चार-पाचशे किलोमीटरच्या प्रवासात ती कमान आणि पट्टीने ओढलेली रेघ यांत हाताला लागेल असा फरक नसतो. अजून एक शंका नेहमी येते: उंचावरून गेल्याने अंतर वाढत असेल ना? वाढतं. साडेपाच किलोमीटर उंचीवरून ३८४ किलोमीटरची वाट जेमतेम ३३० मीटरने लांबते. म्हणजे अर्धा तास इथे गेलेला नाही.

वैमानिक किलोमीटरमध्ये बोलत नाहीत, नॉटिकल मैलात बोलतात. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर एक भाग म्हणजे साधारण एक नॉटिकल मैल. १९२९ साली मोनॅको इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो नेमका १८५२ मीटरचा ठरला. ताशी एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट. आपले ३८४ किलोमीटर म्हणजे सुमारे २०७ नॉटिकल मैल, आणि एटीआरचा २७५ नॉटचा वेग म्हणजे ताशी ५१० किलोमीटरच्या जवळपास. हे लक्षात ठेवायचं कारण पुढे येईल.

विमान त्या रेघेवरून जातच नाही

रेघ धावपट्टीच्या मध्यातून निघते. विमान धावपट्टीच्या टोकाकडून निघतं, आणि तेही वारा ज्या बाजूने असेल तिकडे तोंड करून. मग ठरलेल्या वळणांनी शहराच्या किंवा डोंगराच्या बाजूने बाहेर पडतं आणि हवाई मार्गाला लागतं. हे मार्ग ठरावीक बिंदूंना जोडलेले असतात. मध्ये लष्करी हद्द असेल तर वळसा, ढगांचा मोठा गडगडाट असेल तर आणखी वळसा. माझ्या त्या प्रवासात नंतर मोबाइलवर विमानाची उमटलेली वाट बघितली, ती ४०० किलोमीटरच्या जरा पुढे गेली होती. वीसेक किलोमीटर जास्त, म्हणजे अडीच मिनिटं.

वाटेचा सर्वांत मोठा जुगार शेवटच्या टप्प्यात असतो, आणि त्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही. धावपट्टीच्या टोकाला मोठे आकडे रंगवलेले असतात, उदाहरणार्थ एका टोकाला ०९ आणि दुसऱ्याला २७. त्यापुढे शून्य लावलं की होकायंत्रावरची दिशा मिळते: ०९ म्हणजे ९० अंश, पूर्वेकडे तोंड, २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. विमान उतरतं ते समोरून वारा घेत. आता आपण पश्चिमेकडून येतो आहोत असं धरा. वारा पूर्वेचा असेल तर सरळ नाकासमोर ०९ वर उतरायचं. वारा पश्चिमेचा असेल तर विमानतळ उजव्या किंवा डाव्या हाताला ठेवून पुढे निघून जायचं, पंधरा-वीस किलोमीटर पलीकडे जाऊन वळायचं आणि उलटं येऊन २७ वर उतरायचं. हे सगळं कमी वेगात होतं. त्यामुळे सात-आठ मिनिटं सहज जातात. खिडकीतून विमानतळ खाली दिसतो, मागे पडतो, आणि नवखा प्रवासी घाबरतो की हे कुठे चाललंय. ते अगदी बरोबर चाललेलं असतं.

खरा वेळ चढण्या-उतरण्यात जातो

ताशी पाचशे हा वेग विमान वर पोचून सपाट उडायला लागल्यानंतरचा आहे. चढताना इंजिनाची ताकद उंची मिळवण्यात खर्च होते, पुढे जायला कमी उरते. एटीआर १८,००० फुटांपर्यंत चढायला सोळाएक मिनिटं घेतं असं धरू, आणि तेवढ्या वेळात ते सरासरी ताशी ३७० च्या आसपास असतं. म्हणजे या चढाईत सुमारे १०० किलोमीटर कापले जातात. हेच १०० किलोमीटर पूर्ण वेगाने बारा मिनिटांत झाले असते. चार मिनिटं इथे गेली.

उतरण्यासाठी वैमानिकांचा एक तोंडी हिशेब आहे: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. या उताराचा कोन जवळपास तीन अंश येतो, आणि बहुतेक धावपट्ट्यांवर उतरण्याची शेवटची घसरणही तीन अंशांचीच असते. १८,००० फुटांसाठी अठरा त्रिक चोपन्न नॉटिकल मैल, म्हणजे १०० किलोमीटर. त्यातला वरचा भाग वेगाने जातो, पण शेवटचे अठरा-वीस किलोमीटर चाकं आणि पंखांच्या झडपा बाहेर काढून, वेग कमी करत करत काढावे लागतात. टेकायच्या आधी हा वेग ताशी दोनशेच्या जवळ आलेला असतो. इथे आणखी दोन-अडीच मिनिटं.

आता बेरीज करा. अडीच मिनिटं वळशाची, चार चढाईची, दोन-अडीच उतरण्याची. ४६ ची ५४ झाली. त्या दिवशी वारा नावापुरताच होता आणि उतरणं सरळ होतं, म्हणून हिशेब इतका जुळला.

३८४ पैकी शंभर किलोमीटर चढण्यात गेले आणि शंभर उतरण्यात. जाहिरातीतला वेग विमानाला जेमतेम निम्म्या वाटेवर मिळाला. प्रवास जितका छोटा तितका भागाकार जास्त फसवतो. दहा तासांच्या प्रवासात ही आठ-दहा मिनिटं कोणाच्या लक्षातही येत नाहीत, पाऊण तासाच्या प्रवासात ती डोळ्यात भरतात.

यातून आणखी एक गोष्ट कळते. अनेकांना वाटतं की पंख्याच्या विमानाऐवजी जेट असतं तर निम्म्या वेळात पोचलो असतो, कारण जेटचा वेग ताशी ८३० च्या घरात. गणित करून बघू. जेट ३०,००० फुटांवर गेलं तर उतरायला नव्वद नॉटिकल मैल लागतात, म्हणजे १६७ किलोमीटर. चढायला पंधराएक मिनिटं आणि दीडशे किलोमीटर. दोन्ही मिळून ३१७. पूर्ण वेगासाठी उरले फक्त ६७ किलोमीटर, पाच मिनिटांची वाट! वर पोचलो म्हणेपर्यंत उतरायची तयारी. शिवाय खाली, १०,००० फुटांच्या आत, अनेक देशांत वेगावर २५० नॉटची मर्यादा असते. म्हणून अशा अंतरावर जेट प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटांचीच बचत करतं आणि त्यासाठी इंधन बरंच जास्त जाळतं. छोट्या विमानतळांवर पंख्यांची विमानं टिकून आहेत त्यामागे हे पक्कं कारण आहे. त्यांना जुनाट समजणं मला मुळीच पटत नाही.

वारा

भरल्या नदीत प्रवाहाविरुद्ध होडी हाकणाऱ्या नावाड्याची मेहनत किनाऱ्यावरून दिसते ना, तसंच विमानाचं असतं. विमान वाऱ्याच्या आतून जातं. त्याचा ताशी पाचशेचा वेग हवेच्या मानाने असतो, जमिनीच्या मानाने नव्हे. समोरून ताशी ६० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरून ते ४४० नेच सरकतं. पाठीमागून असेल तर ५६० ने. ३८४ किलोमीटरला जाताना ५२ मिनिटं, येताना ४१.

इथे सहसा लोक म्हणतात, जाताना गेलं ते येताना मिळालं, फिट्टंफाट. तसं होत नाही. ३८४ ला ४४० ने भागा आणि ५६० ने भागा, दोन्ही मिळून साडेत्र्याण्णव मिनिटं येतात. वारा नसता तर जाऊन-येऊन ९२ लागली असती. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं आणि पाठीमागच्या वाऱ्यात कमी, म्हणजे तोटा जास्त काळ होतो आणि फायदा कमी काळ. आडवा वारासुद्धा खातोच, कारण वाटेवर राहायला विमानाला नाक वाऱ्याकडे किंचित वळवून उडावं लागतं, आणि वेगाचा काही भाग त्यातच जातो.

मध्य अक्षांशांवर उंच आभाळात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट स्ट्रीम नावाचे झोत असतात, त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. तिथे पूर्वेकडचा प्रवास लवकर होतो तो यांच्यामुळे. पृथ्वी फिरते म्हणून नाही; पृथ्वीबरोबर हवाही फिरतच असते आणि तिच्यासोबत विमानही. टर्बोप्रॉप विमानं या झोतांच्या बरीच खाली उडतात, एटीआरची कमाल उंचीच २५,००० फूट आहे. त्यामुळे त्यांना मोठा वारा सहसा लागत नाही. पण मुळात वेग कमी असल्याने लागतो तेवढा वारा त्यांना जास्त जाणवतो.

जमिनीवरची सतरा मिनिटं

तिकिटावर छापलेला वेळ हवेतला नसतोच. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. उतारावर उभ्या गाडीच्या चाकाखाली दगड लावतो तसे उभ्या विमानाच्या चाकाला ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हललं तिथपासून दुसऱ्या टोकाला ते लागेपर्यंतचा हा वेळ. विमान कंपन्या प्रत्येक उड्डाणाच्या चार वेळा नोंदवतात आणि त्यांना आउट, ऑफ, ऑन, इन म्हणतात: जागा सोडली, जमीन सोडली, जमिनीला टेकलं, जागेवर आलं. मी कागदावर टिपलेल्या वेळा याच. १९७८ पासून वापरात आलेली एकार्स नावाची यंत्रणा या वेळा विमानातूनच आपोआप कळवते. तोवर त्या हाताने लिहून घेत, आणि वैमानिकांचा पगार त्यांवर अवलंबून असल्याने त्या अचूक असणं सगळ्यांनाच महत्त्वाचं होतं.

निघताना धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जायचं, पुढे कोणी असेल तर थांबायचं, परवानगी मिळाली की निघायचं. माझ्या नोंदीत याला बारा मिनिटं लागली, उतरल्यावर पाच. छोट्या विमानतळावर हे कमी असावं असं वाटतं आणि बहुधा असतंही. पण तिथे धावपट्टीला समांतर रस्ता नसेल तर विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत चालत जाऊन तिथे गिरकी घ्यावी लागते, आणि ते होईपर्यंत दुसरं कोणी उतरू शकत नाही.

आता राहिली चार मिनिटं. तिकिटावर ७५ आणि प्रत्यक्षात ७१. त्या मार्गाच्या आधीच्या उड्डाणांच्या नोंदी बघून, वारा, गर्दी, ऋतू धरून कंपनी थोडा वेळ वर टाकते. त्याला बफर म्हणतात. अमेरिकेत ठरल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर आलं असं सरकारी मोजणीत धरतात, आणि हा निकष इतरत्रही रूढ आहे. माझं विमान दोन मिनिटं उशिरा निघून दोन मिनिटं आधी पोचलं, ते बफरमुळे. काही लोक याला फसवणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याच विमानाला पुढचं उड्डाण गाठायचं असतं आणि प्रवाशांनाही पुढची जोडणी पकडायची असते. आकडा प्रामाणिक हवा म्हणूनच तो सैल ठेवावा लागतो.

इंधनाचा हिशेब तर याहून सैल. पाऊण तासाच्या वाटेसाठी पाऊण तासाचंच इंधन भरत नाहीत. वाटेचं इंधन, अडीअडचणीसाठी थोडं वर, दुसऱ्या एखाद्या विमानतळावर जावं लागलं तर त्याचं, आणि शेवटी टर्बाइन इंजिनांच्या विमानांसाठी विमानतळावर १५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं राखीव.

स्वतः अंदाज करायचा असेल तर

अंतर शोधून देणारी काही संकेतस्थळं मोठ्या जेटचा, ताशी आठशेच्या आसपासचा वेग धरतात आणि अर्धा तास वर टाकतात. ३८४ किलोमीटरला ते ५९ मिनिटं सांगतील, आणि मार्गावर टर्बोप्रॉप असेल तर ते चुकेल. त्याऐवजी आधी विमान कोणतं ते बघावं. टर्बोप्रॉप असेल तर मिनिटाला आठ किलोमीटर, जेट असेल तर तेरा, आणि वर अर्धा तास. टर्बोप्रॉपसाठी ४८ अधिक ३०, म्हणजे ७८ मिनिटं. तिकिटाच्या सव्वा तासाच्या अगदी जवळ. गाडीने जायचं की विमानाने हे ठरवत असाल तर रस्त्याचं अंतर सरळ रेघेच्या सव्वा ते दीडपट धरावं, आणि विमानतळावर आधी पोचण्याचा व दोन्ही बाजूंचा रस्त्याचा वेळ विमानाच्या खात्यात मांडावा.

फारच कमी अंतर असेल तर हा ठोकताळाही मोडतो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी विमानसेवा आहे. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात २ मिनिटं, आणि वारा पाठीशी असताना झालेला विक्रम ५३ सेकंदांचा. तिथे विमान फार चढतच नाही, रांगाही नसतात.

आणि वेळापत्रकातल्या दोन वेळांची वजाबाकी करण्याआधी त्या कुठल्या घड्याळाच्या आहेत ते जरूर बघावं. निघायची वेळ निघण्याच्या गावची छापतात, पोचायची पोचण्याच्या गावची. वैमानिक आणि नियंत्रक आपसांत जगभर एकच वेळ वापरतात, यूटीसी, आणि तिला झुलू म्हणतात. प्रवाशाच्या तिकिटावर ती नसते. पॅसिफिक महासागरात सामोआचा फालेओलो विमानतळ आणि अमेरिकन सामोआचा पागो पागो विमानतळ यांच्यात साधारण दीडशे किलोमीटर अंतर आहे, पाऊण तासाच्या आतला प्रवास. सामोआने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली आणि त्यासाठी ३० डिसेंबर हा दिवस कॅलेंडरमधून गाळून टाकला. तेव्हापासून मंगळवारी सकाळी दहाला सामोआहून निघालेलं विमान पागो पागोला सोमवारी सकाळी पावणेअकराच्या आत उतरतं. परतीच्या तिकिटावर त्याच प्रवासाला एका दिवसापेक्षा जास्त वेळ लागलेला दिसतो, आणि विमान दोन्ही वेळा हवेत सारखंच असतं.